बुटक्यावर उंच, उंचावर बुटका: क्रोशाचा पहिला दाणेदार टाका

साखळी, मुका खांब आणि खांब एवढं जमायला लागलं की विणणाऱ्याच्या मनात एक तक्रार सुरू होते: सगळं सपाट दिसतंय. मग बरेच जण घाईघाईने अननस, शंख, फुगलेले टाके असल्या नमुन्यांकडे वळतात आणि तिसऱ्या ओळीत अडकतात. त्याची गरज नाही. हाताशी असलेले मुका खांब आणि खांब हेच दोन टाके एकाआड एक घातले की कापडाला छान दाणेदार पोत येतो. इंग्रजी नमुन्यांमध्ये याला लेमन पील स्टिच म्हणतात. लिंबाच्या सालीसारखे बारीक उंचवटे, दोन्ही बाजूंनी सारखे.

नवशिक्यांना मी हाच टाका आधी सुचवते, आणि कारण फक्त दिसण्याचं नाही. या टाक्यात पुढे काय घालायचं ते खालची ओळच सांगते. बोटांवर आकडे मोजत बसण्यापेक्षा विणलेलं वाचायला शिकणं जास्त कामाचं आहे, आणि ते शिकायला याच्याइतका सोपा टाका मला तरी माहीत नाही.

दाणा कुठून येतो

मुका खांब बुटका असतो, खांब उंच. दोन बुटक्यांच्या मध्ये एक उंच टाका अडकला की त्याला सरळ उभं राहायला जागा पुरत नाही. शेजारचे दोघे त्याचं डोकं खाली ओढून धरतात आणि तो मधेच वाकून बाहेर येतो. तोच दाणा. पुढच्या ओळीत बुटक्याच्या डोक्यावर उंच आणि उंचाच्या डोक्यावर बुटका येतो, म्हणून दाणे एकाखाली एक न येता तिरके, विटांच्या जोडणीसारखे बसतात. शिवाय प्रत्येक उभ्या रांगेत एक बुटका आणि एक उंच असं होत गेल्याने उंची बरोबर जुळते आणि कापड कुठे फुगत नाही, कुठे आखडत नाही. प्रत्येक ओळीनंतर काम उलटतं, त्यामुळे निम्मे दाणे इकडे, निम्मे तिकडे. उलटी बाजू नावाची भानगडच राहत नाही. मफलर, पांघरूण, रुमाल अशा दोन्हीकडून दिसणाऱ्या वस्तूंना हा टाका म्हणूनच चांगला.

लोकर आणि सुई

पहिल्या नमुन्यासाठी फिक्या, एकरंगी, गुळगुळीत लोकरीचा गुंडा घ्या. काळ्या किंवा गर्द निळ्या लोकरीत टाक्याचं डोकं कुठे आहे तेच दिसत नाही. केसाळ लोकर तर मुळीच नको. ती उसवताना स्वतःतच गुंतते. अनेक रंगांची भडक लोकर गुंड्यावर मोहक दिसते, पण रंगांच्या गर्दीत दाणे हरवतात आणि मेहनत वाया जाते.

लेबलावर ० ते ७ असा जाडीचा आकडा छापलेला असेल तर ३ किंवा ४ बघा. ४ नंबरच्या मध्यम जाड लोकरीला ५ किंवा ५.५ मिलिमीटरची क्रोशाची सुई, ३ नंबरला ४.५ मिलिमीटरची. हात आवळून विणण्याची सवय असेल तर अर्धा मिलिमीटर मोठी घ्या. बाकी एक कात्री, टोकं लपवायला बोथट टोकाची, मोठ्या डोळ्याची सुई आणि एक-दोन मार्कर, म्हणजे टाक्यात खूण म्हणून अडकवायच्या कड्या. मार्कर नसतील तर सेफ्टी पिन चालते, किंवा वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडासुद्धा.

सुरू करण्याआधी टाक्यांच्या नावांचा एक घोळ मिटवून टाकते. या लेखातला मुका खांब म्हणजे अमेरिकी नमुन्यातला सिंगल क्रोशे आणि खांब म्हणजे डबल क्रोशे. ब्रिटिश नमुन्यात मात्र त्याच मुक्या खांबाला डबल क्रोशे आणि खांबाला ट्रेबल म्हणतात. व्हिडिओ बघून विणणार असाल तर बोलणारी व्यक्ती कुठली पद्धत वापरते ते आधी ऐका.

दोन टाक्यांची उजळणी

मुका खांब: सुई टाक्यात घाला, दोरा सुईवर घेऊन बाहेर ओढा, सुईवर दोन लूप होतील. पुन्हा दोरा घ्या आणि दोन्हीतून एकदम काढा.

खांब: आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या, मग सुई टाक्यात घाला, दोरा बाहेर ओढा. आता तीन लूप आहेत. दोरा घेऊन पहिल्या दोनांतून काढा, पुन्हा दोरा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा.

यात एका ठिकाणी थांबून हाताकडे बघा. खांब घालताना टाक्यातून दोरा बाहेर ओढला की तो पहिला लूप किती उंच ओढता, त्यावर त्या खांबाची उंची ठरते. तो सुईला चिकटून राहिला तर खांब बुटका होतो, शेजारच्या मुक्या खांबाएवढाच वाटतो आणि दाणा उठत नाही. फार लांब ओढला तर खांब लोंबतो आणि बाजूला भोक दिसतं. शेजारी नुकताच घातलेला मुका खांब आहेच. लूप साधारण त्याच्या डोक्यापर्यंत ओढायचा आणि मग पुढे जायचं. पहिल्या ओळींत हे मुद्दाम करावं लागतं, नंतर हात आपोआप करतो.

नमुना तुकडा: २० टाके

या टाक्याला सम संख्या लागते. सम असली की प्रत्येक ओळ मुक्या खांबाने सुरू होते आणि खांबाने संपते, कायम. आपण २० टाके घेऊ.

साखळी २१ घाला. वीस टाक्यांसाठी वीस आणि वळणासाठी एक. साखळी सैल हवी. ती घट्ट होते असं वाटत असेल तर फक्त साखळीपुरती मोठ्या नंबरची सुई वापरा आणि पहिल्या ओळीला नेहमीची घ्या. घट्ट साखळी असलेला तुकडा खालून आवळलेला आणि वर पसरलेला होतो, आणि मग धुऊन, ताणून काहीही केलं तरी तो सरळ होत नाही.

पहिली ओळ. सुईवरचा लूप मोजू नका. सुईपासून दुसऱ्या साखळीत एक मुका खांब, त्याच्या पुढच्या साखळीत एक खांब, पुढच्यात मुका खांब, पुढच्यात खांब. असंच शेवटपर्यंत. शेवटच्या साखळीत खांब यायला हवा. हा पहिला मुका खांब घातल्याबरोबर त्याच्या डोक्यात मार्कर अडकवा. कशासाठी ते ओळ संपल्यावर कळेल.

ही ओळ कुणालाच आवडत नाही. साखळी हातात फिरते, पीळ खाते, सुई शिरत नाही. ती वेडीवाकडी दिसली तरी पुढे चला. तीन-चार ओळींनंतर तुकड्याला वजन येतं आणि धरायला सोपं होतं.

वळण. काम उलटा. एक साखळी घाला. ही साखळी फक्त उंचीसाठी आहे, टाका म्हणून तिची गणती नाही.

दुसरी ओळ. आता समोर पहिलाच टाका आहे तो खांब, म्हणजे उंच. उंचावर बुटका: त्यात मुका खांब घाला. वळणाची साखळी जिथून निघाली, त्याच टाक्यात. एक टाका सोडून पुढे जाऊ नका. त्याच्या पुढे आहे मुका खांब; बुटक्यावर उंच: त्यात खांब. अशी ओळ पुरी करा. शेवटी येईल तो मार्कर लावलेला मुका खांब. त्यात खांब घाला, मार्कर काढा आणि या ओळीच्या पहिल्या मुक्या खांबात नेऊन लावा.

तिसरी ओळ दुसरीसारखीच, चौथीही. आणखी काही शिकायचं उरलेलं नाही. पोत मात्र लगेच दिसत नाही. दोन ओळींपर्यंत नुसता गोंधळ वाटतो, चौथ्या-पाचव्या ओळीला दाणे रांगेत येऊ लागतात. तेवढा धीर धरा. दुसऱ्या ओळीवर बघून "जमलं नाही" म्हणत उसवणारे फार.

डावखुऱ्यांसाठी वेगळं काही नाही. ओळ डावीकडून उजवीकडे जाईल, बाकी क्रम तोच.

टाक्याचं डोकं ओळखायचं कसं

खरी अडचण इथे येते, म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवू.

काम उलटल्यावर वरच्या कडेकडे वरून बघा. इंग्रजी व्ही अक्षरासारखे आडवे दुहेरी दोरे एकापुढे एक दिसतील. प्रत्येक व्ही म्हणजे एक टाका. सुई या दोन्ही दोऱ्यांखालून घालायची. एकाच दोऱ्यात घातली तर तिथे रेघ उमटते आणि दाणा चपटा होतो. खांबाचा व्ही सैल आणि सहज दिसणारा असतो. मुक्या खांबाचा आवळलेला असतो, आणि दोन खांबांच्या मध्ये तो खाली दबलेला असल्याने नजर त्याच्यावरून घसरते. नवखा हात एका खांबावरून थेट दुसऱ्या खांबाकडे जातो तो यामुळेच. शंका आली तर डाव्या हाताच्या अंगठ्याने खालचा खांब किंचित मागे ढकला. मधला छोटा व्ही वर येतो.

आणखी एक. व्ही बरोबर आपल्या खांबाच्या माथ्यावर बसत नाही. तो खांबाच्या किंचित बाजूला सरकलेला असतो. म्हणून खांबाच्या दांड्याच्या रेषेत सरळ वर सुई घातली तर चुकून शेजारच्या टाक्यात शिरायची शक्यता असते. आधी दांडा बघून उंच की बुटका ते ठरवा, मग त्याचा व्ही शोधा.

ओळीचा शेवटचा टाका सगळ्यात लबाड. तो मागच्या ओळीचा पहिला मुका खांब. आधीच बुटका, त्यात कडेला वाकलेला, आणि बाजूला वळणाची साखळी टाक्याचं सोंग घेऊन उभी. कुणी त्याला विसरून एक टाका गमावतं, तर कुणी त्याच्यानंतर साखळीतही सुई घालून एक टाका वाढवतं. तुकड्याच्या कडा तिरप्या होत जाण्याचं कारण दहात नऊ वेळा हेच असतं. मार्कर लावायचा तो याच्यासाठी. मार्कर आला की शेवटचा टाका आला. त्याच्या पुढे काही नाही.

चूक झाली की टाका स्वतः सांगतो

ओळ खांबाने संपली का? संपली असेल तर बहुतेक सगळं ठीक. मुक्या खांबाने संपली तर एक टाका कमी तरी आहे किंवा जास्त तरी. १९ झाले असतील तर कुठेतरी सुटलाय, २१ झाले तर कुठेतरी एका टाक्यात दोन गेलेत किंवा वळणाच्या साखळीत एक. सगळे वीस मोजत बसू नका, फक्त उंच खांब मोजा. दहा हवेत.

ओळीच्या मध्येच उंचावर उंच यायची वेळ आली, तर तिथेच थांबा. पुढे रेटून, एक टाका जास्तीचा घालून जुळवून घेण्याचा मोह होतो, आणि संख्या जुळतेही. पण त्या जागी दोन खांब एकावर एक येऊन उभी भेग दिसते, आणि ती नंतर सगळ्यात आधी डोळ्यात भरते. मागे जाऊन बघा. एक तर मधला बुटका सुटलाय, नाहीतर सलग दोन टाके एकाच जातीचे घातलेत.

उसवायला घाबरू नका. दोन सुयांवरच्या विणकामात पूर्ण ओळीचे टाके सुईवर उघडे असतात. क्रोशात फक्त एकच लूप जिवंत असतो. सुई काढा, दोरा सावकाश ओढा, चुकलेल्या टाक्याच्या आधीच्या टाक्यापर्यंत या आणि त्या एका लूपमध्ये सुई परत घाला. काम बाजूला ठेवून उठणार असाल तर त्या लूपलाही मार्कर लावा.

तुकडा जाड आणि कडक झाला, बोटांत धरून दुमडत नाही, तर सुई लहान आहे. अर्ध्या मिलिमीटरने वाढवून पाहा. उलट दाणे पसरट होऊन मधून उजेड दिसत असेल तर सुई लहान करा. हा टाका साध्या मुक्या खांबापेक्षा लोंबता आणि मऊ पडायला हवा. आवळून विणला तर पायपुसणं होतं; अर्थात पायपुसणंच करायचं असेल तर ते उत्तमच!

दोरा संपला, रंग बदलायचा

नवा दोरा शक्यतो ओळीच्या शेवटी जोडा. शेवटच्या खांबात सुईवर दोन लूप उरले की जुना दोरा सोडा आणि नव्या दोऱ्याने ते दोन लूप पूर्ण करा. रंग बदलतानाही असंच, म्हणजे पुढची ओळ पहिल्या टाक्यापासून नव्या रंगात येते. दोन्ही टोकं १५ सेंटीमीटर तरी सोडा. आखूड टोक नंतर सुईत ओवता येत नाही आणि धुतल्यावर निसटतं. टोकं लपवताना बोथट सुईने एका दिशेने पाच-सहा टाक्यांतून न्या, मग उलट फिरून थोडं परत आणा. दोन्ही बाजू दिसणार असल्याने गाठ मारू नका. ती जाणवते.

रुमाल किंवा मफलर करायचा तर

आधी साधारण १५ सेंटीमीटरचा चौकोन विणा आणि मधल्या १० सेंटीमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. कडेचे टाके ताणलेले असतात, म्हणून मधले. समजा १४ आले आणि तुम्हाला २५ सेंटीमीटर रुंदी हवी. हिशेबाने ३५ होतात, पण सम संख्या लागते, म्हणून ३६ घ्या आणि साखळी ३७ घाला. ही मोजणी टाळणाऱ्यांचे मफलर पुढे टेबलावर अंथरायच्या कामी येतात.

पहिली वस्तू म्हणून सुती दोऱ्याचा चौकोनी रुमाल बरा. लवकर होतो, आणि दाण्यांमुळे घासायला, पुसायला खरोखर उपयोगी पडतो. किती ओळी घालायच्या? मोजू नका. तुकडा तिरका दुमडा. खालची कड बाजूच्या कडेवर तंतोतंत बसली की चौकोन झाला.

कडा थोड्या खाचेदार दिसतील, कारण तिथे एक बुटका, एक उंच असं होत गेलंय. चारी बाजूंनी मुक्या खांबांची एक फेरी घातली की सरळ होतात. वर आणि खाली प्रत्येक टाक्यात एक. बाजूच्या कडेवर मुक्या खांबाच्या टोकाला एक आणि खांबाच्या टोकाला दोन, म्हणजे दोन ओळींना तीन. कोपऱ्यात तीन एकाच जागी. कड लाटांसारखी फिरू लागली तर टाके जास्त होतायत, आत ओढली तर कमी पडतायत. आपल्या हाताप्रमाणे एखादा इकडे-तिकडे करा.

विणून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट जागी हाताने आकार देऊन वाळू द्या. इस्त्री टाळा. कुठल्याही लोकरीचे दाणे इस्त्रीखाली दबतात, आणि ॲक्रिलिकला गरम इस्त्री किंवा जोरदार वाफ लागली तर धागा कायमचा ढिला पडतो. तो पूर्वीसारखा होत नाही.

याचाच चुलतभाऊ

हे डोळ्यांखालून गेलं की सुझेट टाका एका बैठकीत येतो. त्यात मुका खांब आणि खांब शेजारी न घालता दोन्ही एकाच टाक्यात घालतात आणि पुढचा टाका सोडतात. दाणे जरा मोठे आणि तिरपे दिसतात, कापड जास्त दाट होतं.

साखळी २२ घाला. सुईपासून दुसऱ्या साखळीत मुका खांब आणि खांब दोन्ही. एक साखळी सोडा. पुढच्यात पुन्हा दोन्ही. असं करत गेलात की अखेरीस दोन साखळ्या उरतात: एक सोडा, शेवटचीत फक्त मुका खांब. २१ टाके. काम उलटा, एक साखळी घाला. पहिल्या मुक्या खांबात दोन्ही टाके, मग खांब सोडा, पुढच्या मुक्या खांबात दोन्ही, आणि ओळीच्या शेवटच्या मुक्या खांबात फक्त मुका खांब. इथे सुई कायम बुटक्यातच जाते आणि उंच सोडायचा असतो. खांबात सुई शिरली की तिथूनच रांग बिघडते, तेव्हा पहिल्या दोन-तीन ओळी उजेडात बसून विणा.